लस टाकीतच मरते: कोंबड्यांना जिवाणूंची जिवंत लस पाजताना कामांचा क्रम

"लस पाजली होती हो, तरी पिवळी-हिरवी हगवण लागलीच." वसई, उत्तन, बदलापूर, पनवेल, कुठूनही फोन आला तरी वाक्य हेच असतं. मी उलट एकच विचारतो, पाणी कुठलं वापरलंत? "नळाचंच. एकदम शुद्ध."

घोळ तिथेच होतो. नळाचं पाणी शुद्ध असतं ते क्लोरिनमुळे. आणि ही हगवण लावणाऱ्या साल्मोनेला जिवाणूची जिवंत लस म्हणजे तरी काय, तर रोग करण्याची ताकद काढून घेतलेले जिवाणूच. घाणीतून आलेला जिवाणू कोणता आणि आपण पैसे मोजून आणलेला कोणता, हे क्लोरिनला कळत नाही. तो दोघांनाही मारतो.

दुसरी गोष्ट सवयीची. आपला हात राणीखेत रोगाच्या लासोटा लसीवर बसलेला असतो. लासोटात असतो तो विषाणू, त्यामुळे लसीच्या आगेमागे अँटिबायोटिक दिलं तरी त्या लसीचं काही बिघडत नाही. तीच पद्धत जिवाणूंच्या लसीला लावली की लस संपली. "लसीचा ताण येऊ नये" म्हणून दिलेला अँटिबायोटिकचा डोसच लसीला खातो.

खाली सगळं उदाहरण सहा आठवड्यांच्या ५०० गावरान तलंगांचं, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांचं, घेतलं आहे. तुमचा आकडा वेगळा असेल, क्रम मात्र हाच ठेवा.

आतड्यात नेमकं काय व्हायला हवं

हे थोडक्यात सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी यावरच उभी आहे.

पाण्यातून गेलेले लसीचे जिवाणू आतड्यात उतरतात आणि शेवटाकडच्या दोन आंधळ्या नळ्यांमध्ये, म्हणजे सीकामध्ये, काही काळ मुक्काम करतात. त्या नळ्यांच्या तोंडाशी प्रतिकारपेशींच्या गाठी असतात. तिथे या जिवाणूंची ओळख पटते आणि आतड्याच्या अस्तरावरच्या चिकट स्रावात आयजीए नावाची प्रतिपिंडं येऊ लागतात. पुढे खरा साल्मोनेला आला, की तो अस्तराला चिकटण्याआधीच ही प्रतिपिंडं त्याला धरतात. शिवाय रक्तातल्या पेशीही तयार होतात. साल्मोनेला पेशींच्या आत लपून बसणारा असल्यामुळे त्यांचीही गरज असते.

अस्तर शाबूत राहिलं तर त्यावरचे बोटांसारखे उंचवटे शाबूत राहतात, आणि खाल्लेलं अंगी लागतं. आतड्याला सूज आली की कोंबडी तेच खाद्य खाते, पण त्यातली ताकद सूज निस्तरण्यात जाते. लसीचा फायदा खाद्याच्या हिशेबात दिसतो तो असा.

पण मुळातच सोललेल्या, रक्ती हगवणीने फाटलेल्या आतड्यात ही शिकवणी नीट होत नाही. म्हणून लसीच्या दिवसाचं काम दहा दिवस आधी सुरू होतं.

१. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा

जिवाणूंच्या लसी सगळ्या एका जातीच्या नसतात. पाण्यातून पाजायची जिवंत लस वेगळी. कातडीखाली टोचायची जिवंत लस वेगळी. कोंबड्यांच्या टायफॉइडसाठीची ९आर जातीची लस टोचायचीच असते. तेलातली मृत लसही टोचायचीच. सर्दीची म्हणजे कोरायझाची लस सहसा मृत असते, टोचूनच द्यायची.

मृत लसीने रक्तात भरपूर प्रतिपिंडं तयार होतात आणि ती अंड्याच्या बलकातून पिल्लालाही मिळतात. आतड्याच्या अस्तरावर मात्र ती फारसं काही करत नाही. म्हणून अंड्यांच्या कोंबड्यांना लहानपणी जिवंत लस पाजायची आणि अंड्यावर येण्याआधी मृत लस टोचायची, अशी जोडी लावतात. तुमच्या कळपाला कोणती, कितव्या आठवड्याला, हे तुमच्या पशुवैद्यकांनी ठरवायचं. गंबोरो, लासोटा, देवी या लसींच्या तारखा आधीच वहीत असतील, ती वही त्यांच्यापुढे ठेवा.

*इशारा:* टोचायची लस पाण्यात ढवळून पाजणारे मला भेटले आहेत. "पोटात गेली की झालं" असं नसतं.

२. दहा दिवस आधी: शिट वाचा, तूस दाबून बघा

सकाळी शेडमध्ये शिरल्यावर कोंबड्यांकडे नंतर बघा, आधी खाली बघा. नेहमीची शिट घट्ट, तपकिरी, वर पांढरी टोपी. मधूनमधून एखादी मऊ, चकचकीत, चॉकलेटी शिट दिसेल. ती सीकामधून आलेली असते, तिला हगवण समजू नका. बरेच जण तीच बघून घाबरतात आणि औषध सुरू करतात.

खरी काळजी याची करा: शिटेत न पचलेले मक्याचे कण, नारिंगी चिकट पदर, फेस किंवा रक्त. रक्त दिसलं तर कॉक्सिडिया, म्हणजे रक्ती हगवण. तो जिवाणू नव्हे, परजीवी आहे. ही लस त्यावर चालत नाही आणि तो आतड्यात असताना लसही नीट लागत नाही. आधी त्याचा उपचार, मग लस. तारीख पुढे ढकलायला कमीपणा नाही.

शेडमध्ये खाली पसरलेल्या तुसाची मूठ दाबा. सोडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त, विस्कटला तर ठीक. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या पट्ट्यात हा लाडू हमखास वळला जातो. ओल्या तुसात कॉक्सिडिया पिकतो आणि अमोनियाही सुटतो. उभं राहून वास घेऊ नका. कोंबडीच्या उंचीला बसा आणि एक मिनिट थांबा. डोळे चुरचुरले तर बाजूचे पडदे उघडा, ओला थर काढा, नवं तूस टाका.

पावसाळ्यात खाद्याचं पोतंही तपासा. भिंतीला टेकलेलं, खालून दमट झालेलं पोतं म्हणजे बुरशी. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवतं आणि प्रतिकारशक्ती खाली आणतं. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. बुरशी आलेलं खाद्य उन्हात वाळवून पुन्हा घालणं हा कंजूषपणा महागात पडतो. वाळवल्याने ते विष जात नाही.

गंबोरो होऊन गेलेला कळप असेल तर ते पशुवैद्यकांना मुद्दाम सांगा. गंबोरो नेमक्या त्या अवयवावर घाला घालतो जिथे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी घडतात. अशा कळपात कुठलीच लस पूर्ण लागत नाही.

*तपासणी:* कोंबड्या मंद, पंख पाडून बसलेल्या, मरतूक वाढलेली? लस देऊ नका. मेलेला पक्षी ताजा असतानाच शवविच्छेदनाला द्या. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, नाहीतर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. लस हा उपचार नाही.

३. पाच दिवस आधी: औषधं बंद

लेबलवर दिवस दिलेले असतात. बहुतेक जिवंत जिवाणू-लसींना आधी आणि नंतर तीन ते पाच दिवस अँटिबायोटिक नको असतं. मी दोन्हीकडे पाच धरतो.

इथे लोक कुठे फसतात ते सांगतो. पाण्यातलं औषध बंद करतात, खाद्यातलं विसरतात. पोत्याला शिवलेली चिठ्ठी वाचा. वाढीसाठी किंवा आतड्यासाठी म्हणून अँटिबायोटिक घातलेलं खाद्य असेल, तर या दिवसांपुरतं बिनऔषधी खाद्य मागवून ठेवा, आणि ते आठवडाभर आधी सांगा. दुकानदार आयत्या वेळी देईलच असं नाही. कोलिस्टिन तर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्येच खाद्यप्राण्यांसाठी बंद केलं आहे; जुना डबा कुठे कोपऱ्यात पडला असेल तर तो लसीसाठीच नव्हे, कशासाठीच वापरू नका.

पाण्यात घालायचं ॲसिड, मोरचूद, आयोडिन यातलं काही चालू असेल तर तेही थांबवा. व्हिटॅमिन चालतं. प्रोबायोटिकबद्दल लेबल काय म्हणतं ते बघा. मी लसीच्या दिवशी देत नाही, दुसऱ्या दिवसापासून देतो.

४. दोन दिवस आधी: पाणी

सगळ्यात जास्त लस इथे मरते, म्हणून इथे घाई नको.

मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांतून येतं आणि शुद्धीकरणात त्यात क्लोरिन घातलं जातं. टँकरचं पाणी असेल तर त्यात टीसीएल, म्हणजे क्लोरिनची पावडर, किती पडली याचा नेम नाही. बोअरवेलमध्येही पावसाळ्यात लोक टीसीएल सोडतात. एका वर्षी मी स्वतः टँकरचं पाणी घेतलं, वास आला नाही म्हणून क्लोरिन नाही असं समजलो आणि पाचशे मात्रा टाकीत घातल्या. महिन्याने निकाल दिसला. नाक हे मोजमाप नाही.

मोजायचं कसं? ग्रामपंचायतीत पाण्याची ओटी टेस्ट करतात, तीच. नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब. पिवळं झालं तर क्लोरिन आहे. नळीतलं ते पाणी फेकून द्या, कोंबड्यांना नको. टाकीचं पाणी तपासाच, पण सर्वांत लांबच्या ड्रिंकरचं, म्हणजे कोंबड्या पितात त्या भांड्याचंही तपासा.

क्लोरिन काढायचे तीन मार्ग आहेत:

उकळणं. ५०० तलंगांना लसीपुरतं पंधराएक लिटर पाणी लागतं. आदल्या संध्याकाळी मोठ्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळा, झाकून गार होऊ द्या. लहान कळपाला याच्याइतकं सोपं काही नाही.

उघडं ठेवणं. पसरट प्लास्टिकच्या टबात एक दिवस-रात्र. बऱ्यापैकी उडून जातं, पण ओटी टेस्ट करूनच खात्री करा.

बिनसायीच्या दुधाची पावडर. लिटरला अडीच ग्रॅम. उरलंसुरलं क्लोरिन ती बांधून ठेवते आणि जिवाणूंना आधार देते. वरचे दोन मार्ग वापरले तरी ही घालाच. घरातलं साईचं दूध नको. चरबीने निपलच्या (चोच लावली की थेंब देणाऱ्या) नळ्या तुंबतात आणि दुसऱ्या दिवशी आंबट वास येतो.

याच दोन दिवसांत ड्रिंकर घासा. फक्त पाण्याने आणि स्वच्छ ब्रशने, साबण-फिनेल नाही. निपलची लाइन असेल तर ती साध्या पाण्याने वाहती ठेवून धुवा. आतला बुळबुळीत थर लस शोषून घेतो. तांब्याची, जस्ताची भांडी बाजूला ठेवा, सगळं प्लास्टिकचं.

*तपासणी:* शेवटच्या ड्रिंकरच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले, रंग आला नाही. आता पुढे जा.

५. लस आणणं

लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. दुकानातल्या फ्रिजमधून काढल्यापासून तुमच्या फ्रिजपर्यंतचा प्रवास मोजा. दादरहून बदलापूर म्हणजे लोकलमध्ये सव्वा तास, त्याआधी स्टेशनपर्यंत चालणं, नंतर रिक्षा. मे महिन्यात हे अंतर लसीच्या दृष्टीने फार मोठं आहे. थर्माकोलचा जाड डबा, तळाला आणि वर गोठवलेले आइसपॅक, मध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. तेलातली लस बर्फाला चिकटून गोठली तर वाया जाते, म्हणून कागदाची गुंडाळी सोडू नका. गर्दीच्या वेळी डबा वरच्या फळीवर पंख्याखाली ठेवला तर चालतो. दारातल्या उन्हात नको.

घरी फ्रिजच्या दारात ठेवू नका. दार दिवसात पन्नास वेळा उघडतं. मधल्या फळीवर, मागे.

बाटली १००० मात्रांची आणि पक्षी ५००? अर्धी उद्यासाठी ठेवायची नाही. पाणी लागलेली लस तासा-दोन तासांची धनी. शेजारच्या शेडवाल्याशी ठरवून एकाच सकाळी दोघांनी वाटून घ्या, किंवा उरलेली फेका. आणि उलटही करू नका, म्हणजे ५०० मात्रा ८०० पक्ष्यांत ताणू नका.

६. तहान आणि माप

पक्ष्यांना किती पाणी लागेल याचं एक तोंडपाठ गणित फिरतं: हजार पक्ष्यांमागे जितके दिवस वय तितके लिटर. म्हणजे ४२ दिवसांच्या ५०० पक्ष्यांना २१ लिटर. हे ब्रॉयलरचं गणित आहे. गावरान तलंगा इतकं पीत नाहीत. पाणी उरतं आणि उरलेल्या पाण्यात लसही उरते.

त्यापेक्षा आदल्या दिवशी मोजा. त्याच वेळी, तितकाच वेळ पाणी बंद ठेवून, मग मोजून पाणी द्या आणि दोन तासांत किती संपलं ते लिहा. समजा १४ लिटर संपलं. उद्याचं माप तेच. दूध पावडर १४ गुणिले अडीच, म्हणजे ३५ ग्रॅम.

तहानवायचं किती? थंडीत दोन तास, उन्हाळ्यात तास पुरे. पहाटे पाचला पाणी बंद, सहाला लस. मे महिन्यात दहा वाजता पाणी तोडणाऱ्याच्या कोंबड्या उन्हाने मरतात आणि दोष लसीला जातो. पाणी बंद असताना खाद्य चालू ठेवा. खाऊन तहान चांगली लागते.

ड्रिंकर मोजा. एका वेळी निदान दोन-तृतीयांश पक्ष्यांना चोच घालता आली पाहिजे. कमी असतील तर शेजारून उसने आणा. दांडग्या कोंबड्या भरपेट पितात आणि कोपऱ्यातल्या लाजऱ्या कोरड्या राहतात; पुढे रोग त्या लाजऱ्यांत सुरू होतो.

७. मिसळणं आणि पाजणं

हातमोजे घाला. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर त्यांना या कामापासून लांब ठेवा. लस सौम्य असली तरी जिवाणू जिवंत आहेत.

आधी पाण्यात दूध पावडर विरघळवा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग बाटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण काढा, बाटली पाण्याखाली बुडवा आणि रबरी बूच पाण्यातच उघडा. आतल्या पोकळीत पाणी स्वतःहून खेचलं जातं, पावडर हवेत उडत नाही. बाटली दोन-तीनदा खळाळून तेच पाणी टबात. स्वच्छ प्लास्टिकच्या दांड्याने ढवळा. हाताने नाही.

लसीच्या पाण्याला निळा रंग देणारी गोळी मिळते, ती याच पाण्यात टाका. तिचा उपयोग खालच्या तपासणीत होतो.

ड्रिंकर भरायला शेडच्या टोकापासून सुरुवात करा, दारापासून नको. दाराशीच भरायला लागलात तर सगळ्या कोंबड्या तिथे जमतात. भरून झाल्यावर शेडमधून हळू फेऱ्या मारा, बसलेल्यांना उठवा. ऊन ड्रिंकरवर पडत असेल तर गोणपाट लावा.

दीड ते दोन तासांत पाणी संपलं पाहिजे. अर्ध्या तासात संपलं, तर काहींना मिळालंच नाही. तीन तास उरलं, तर शेवटच्यांना मेलेली लस मिळाली. दोन्ही वेळा वहीत लिहा, पुढच्या खेपेला माप बदला.

*तपासणी:* पाणी संपल्यावर शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून ५० कोंबड्या धरा, चोच उघडा. जीभ निळी दिसायला हवी. ४५ पेक्षा कमी निळ्या असतील तर चूक पाण्याच्या मापात किंवा ड्रिंकरच्या संख्येत आहे. लगेच दुसरा डोस देऊ नका, पशुवैद्यकांना आकडा सांगा.

पहिल्या दिवसाच्या पिल्लांबद्दल एवढंच: त्यांना तहानवायचं नाही. ब्रूडरमध्ये, म्हणजे उबेच्या जागेत, सोडताक्षणी पहिलं पाणी लसीचंच, उथळ ताटल्यांत. पिल्लाचं आतडं त्या वेळी जवळजवळ कोरी पाटी असतं. पहिल्यांदा जो जिवाणू बसेल तो जागा धरतो आणि मागून येणाऱ्या साल्मोनेलाला अडवतो. पण पिल्लं रोगी कळपाच्या अंड्यातून आली असतील, तर पाटी आधीच लिहिलेली असते. पांढऱ्या हगवणीसाठी रक्त तपासलेल्या कळपाचीच पिल्लं घ्या.

८. पाजल्यानंतरचे पाच दिवस

पहिल्या-दुसऱ्या दिवशी खाद्य थोडं कमी जाऊ शकतं, शिट किंचित सैल होऊ शकते. आतडं कामाला लागलंय. हे बघून अँटिबायोटिक सुरू करणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वात महाग चूक, आणि ती दुसऱ्या दिवशीच होते. पाणी साधं, क्लोरिनशिवाय, निदान एक दिवस.

मरतूक वाढली, हगवण थांबेना, कलगी निळी-फिकी पडली, तर मात्र फोन उचला. तो लसीचा परिणाम नसून आधीच मुरलेला रोग असू शकतो.

रिकाम्या बाटल्या, टब, दांडा टीसीएलच्या पाण्यात अर्धा दिवस बुडवा, मग बाटल्या पुरा. इतके दिवस ज्या टीसीएलपासून पळत होतो, ते इथे कामाला येतं. हात साबणाने धुवा. लसीचे जिवाणू काही दिवस शिटेतून बाहेर पडतात; त्या काळात तूस काढून शेतात टाकू नका, आणि त्याच चपला घालून दुसऱ्या शेडमध्ये जाऊ नका.

प्रयोगशाळेत शिट किंवा रक्त पाठवायचं असेल, तर लस कोणती, कधी दिली, हे नमुन्यासोबतच्या कागदावर लिहा. नाहीतर तुमच्याच लसीचा जिवाणू सापडेल आणि अहवाल "साल्मोनेला आढळला" असा येईल.

९. वहीतल्या पाच ओळी

लसीचं नाव आणि बॅच नंबर, कालबाह्य तारीख, पाण्याचं माप, संपायला लागलेला वेळ, निळ्या जिभांचा आकडा. एवढं पुरतं.

प्रतिकारशक्ती उभी राहायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या आधी बाहेरचे पक्षी कळपात मिसळू नका. बाजारातून न विकल्या गेलेल्या कोंबड्या परत शेडमध्ये आणायची सवय तर पूर्णच सोडा. दुसऱ्या मात्रेची तारीख लेबलवरून बघून आजच वहीत टाका, आणि त्या तारखेच्या दहा दिवस आधीच्या पानावर लिहा: तूस, पोत्याची चिठ्ठी, ओटी टेस्ट.